सोसायटीमागचा कातळकडा : शॉटक्रीट आधी की मोजमाप आधी?

चांदिवलीकर | ९ मार्च, रात्री १०:१५

आमची सोसायटी चांदिवलीत एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर उभी आहे. इमारतीच्या मागे खाणीचा उरलेला कडा आहे. तो सुमारे १८ मीटर उंच आणि ७० मीटर लांब असून त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि उतार जवळजवळ उभाच म्हणावा असा आहे. कडा आणि इमारत यांच्यामध्ये ९ मीटरची मोकळी जागा असून तेथे सभासदांच्या गाड्या उभ्या राहतात. गेल्या ऑगस्टमध्ये पहाटे गॅस सिलिंडरएवढा एक दगड सुटून एका स्कूटरवर पडला. सुदैवाने तेथे कोणी नव्हते.

त्यानंतर आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. पहिल्याने संपूर्ण कड्यावर १०० मिलिमीटर जाडीचे शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) सुचवले, दुसऱ्याने वरपासून खालपर्यंत पोलादी जाळी सुचवली आणि तिसऱ्याने "हा मुंबईचा काळा पाषाण आहे, याला काही होत नाही" असे सांगून केवळ सुटे दगड काढण्याचा खर्च दिला. तिघांच्या रकमांत जवळजवळ आठपट फरक आहे. तिघांपैकी एकानेही कड्याला हात लावून पाहिला नाही. सर्वांनी पार्किंगमध्ये उभे राहून मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि ते निघून गेले. सर्वसाधारण सभा एप्रिलच्या शेवटी आहे. निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळरेघ | १० मार्च, सकाळी ७:४०

मी अभियांत्रिकी भूवैज्ञानिक म्हणून बोगदे आणि घाटरस्ते यांच्या कामांवर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिसऱ्या ठेकेदाराचे वाक्य मी दर वर्षी कोठे ना कोठे ऐकतो, आणि ते अर्धेच खरे आहे. घन बेसॉल्टचा तुकडा प्रयोगशाळेत दाबून पाहिला तर तो सहसा काँक्रीटच्या कित्येक पट भार घेतो. परंतु कडा कोसळतो तेव्हा दगड फुटत नाही. आधीपासून असलेल्या सांध्यांवरून, म्हणजे कातळातील नैसर्गिक भेगांवरून, तो घसरतो, कलंडतो किंवा निसटतो. त्यामुळे दगड किती मजबूत आहे यापेक्षा सांधे कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी उतरतात, त्यांत काय भरले आहे आणि पाणी कोठून येते, हे प्रश्न आधीचे आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर पार्किंगमधून मिळत नाही.

आपल्या कड्याचे तोंड पश्चिमेकडे आहे, हे वाचून मी थबकलो. मुंबईतील लाव्हाचे थर सपाट नाहीत; बऱ्याच ठिकाणी ते पश्चिमेकडे सुमारे १० ते १५ अंशांनी झुकलेले आहेत. म्हणजे पश्चिमाभिमुख कापणीत थर डोंगराच्या आत न जाता बाहेर, आपल्या अंगावर उतरतात. इतक्या कमी उतारावरून घन बेसॉल्ट सहसा घसरत नाही, कारण दगडावर दगड असताना घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारावर तो आपोआप घसरू लागतो तो कोन, ३५ अंशांच्या आसपास असतो. परंतु दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असेल, तर तो भिजल्यावर मऊ पडतो आणि हे गणित बदलते. असा पट्टा घसरणीला कारण झाला नाही तरी तो झिजत जाऊन आत सरकतो, त्याच्यावरचा बेसॉल्ट अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात उभ्या सांध्यावरून सुटतो. आपल्याकडे असा तांबडा पट्टा आहे का, ते कृपया पाहून कळवा.

कड्याखाली उभे राहण्यापूर्वी डोक्यावर हेल्मेट घाला आणि पावसानंतर आठवडाभर तेथे जाऊ नका. छोटा घण घेऊन हाताशी असलेल्या दगडांवर ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर दगड मागच्या कातळाशी जोडलेला आहे; बद्द आवाज आला तर त्याच्या मागे फट आहे. मार्चमध्ये कडा कोरडा ठणठणीत दिसतो आणि नेमके येथेच फसायला होते. वाळलेल्या शेवाळाचे काळपट ओघळ, करपलेल्या नेच्यांची रांग आणि सांध्यांतून उतरलेले पांढरे डाग शोधा. गेल्या पावसाळ्यात पाणी कोठून बाहेर पडत होते, त्याचा नकाशा कड्याने स्वतःच काढून ठेवलेला असतो.

घाटलाइन | १० मार्च, दुपारी ३:०५

मी रेल्वेच्या रुळमार्ग विभागातून निवृत्त झालो. कातळरेघ यांच्याशी सहमत आहे. फक्त देखभालीची बाजू जोडतो.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि इतक्या वर्षांनंतरही तेथे दर उन्हाळ्यात हिल गँगची माणसे दोर लावून कड्यांवर उतरतात, पहारीने सुटे दगड हेरतात आणि ब्लॉक घेऊन (तेवढा वेळ गाड्या थांबवून) ते पाडतात. दीडशेहून अधिक वर्षांचा कडासुद्धा "एकदा दुरुस्त करून विसरलो" या सदरात कधी जात नाही. कोकण रेल्वेला हा धडा फार महाग पडला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले, आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला रुळांवर आलेल्या दगडांमुळे अपघात झाला. त्यानंतर तेथे उतार कमी करणे, जाळ्या, बोल्ट (कातळात छिद्र पाडून बसवलेल्या सळया) आणि पावसाळी गस्त ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली, आणि कटिंगमध्ये दरड घसरल्यास येणाऱ्या गाडीला इशारा देणारी "रक्षा धागा" नावाची यंत्रणाही त्याच काळात आली.

जाळीविषयी एक गैरसमज दूर करतो. वरून सोडलेली मोकळी जाळी दगड अडवत नाही. तो सुटल्यावर उसळून लांब न जाता कड्याला लगटून खाली उतरावा, एवढेच तिचे काम आहे. फुटबॉलएवढ्या दगडांसाठी ती उत्तम आहे, परंतु चारचाकीएवढा ठोकळा जाळीसकट खाली येतो. एक टन वजनाचा दगड १८ मीटरवरून पडला तर पायथ्याशी त्याची ऊर्जा सुमारे १७५ किलोज्यूल होते. जाळी किंवा बॅरियर घेताना विक्रेत्याला किलोज्यूलचा आकडा विचारा. तो गोंधळला तर पुढे बोलू नका.

नोझलधारी | ११ मार्च, रात्री ९:२०

मी शॉटक्रीटचीच कामे घेतो, त्यामुळे माझे मत पक्षपाती वाटेल, तरीही लिहितो. शॉटक्रीटला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. ज्या तांबड्या पट्ट्याचा उल्लेख वर झाला, तो हवेत उघडा राहिला की ओला-सुका होत दोन-चार पावसाळ्यांत हाताने चुरता येतो. त्याला झाकल्याशिवाय दुसरा उपाय नाही. बोल्टच्या मधला बारीक दगडही जाळीसह केलेल्या शॉटक्रीटने धरून ठेवला जातो. शिवाय आम्ही प्रत्येक दोन मीटरवर पाणी बाहेर पडण्यासाठी वीप होल, म्हणजे छोटी छिद्रे, ठेवतो. मग आक्षेप नेमका कशाला आहे?

कातळरेघ | १२ मार्च, सकाळी ६:५५

नोझलधारी साहेब, तांबड्या पट्ट्याबाबत आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आक्षेप आहे तो मोजमाप न करता संपूर्ण कडा पांढरा करण्याला. शॉटक्रीट ही त्वचा आहे. दहा सेंटिमीटरच्या त्वचेने तीन मीटर जाडीचा ठोकळा तोलला जात नाही. आपण ठेवता ती वीप होल बहुधा शॉटक्रीटपुरती किंवा जेमतेम हातभर आत जातात, आणि पाण्याने भरलेली भेग तर कड्याच्या तोंडापासून तीन-चार मीटर आत असते. त्या भेगेपर्यंत छिद्र पोहोचले नाही, तर आपण पाण्याच्या जुन्या वाटा बुजवून त्याला आत कोंडतो. शिवाय पुढच्या वर्षी आत काय चालले आहे ते दिसेनासे होते, कारण सांधे झाकलेले असतात.

पाणी नेमके काय करते, हे एका हिशेबाने दाखवतो. समजा, ३० अंशांनी बाहेर उतरणाऱ्या सांध्यावर एक ठोकळा टेकला आहे. कड्याच्या लांबीच्या प्रत्येक मीटरमागे त्याचे वजन ६० टन आहे, सांध्याची लांबी ८ मीटर आहे, घर्षणकोन ३८ अंश आहे आणि ठोकळ्याच्या मागे ३ मीटर खोल उभी भेग आहे. सुरक्षा गुणांक म्हणजे धरून ठेवणारा जोर भागिले घसरवणारा जोर; तो १ च्या खाली गेला की ठोकळा सुटतो. कोरड्या अवस्थेत तो म्हणजे दोन कोनांच्या टॅनचे गुणोत्तर, ते १.३५ येते. म्हणूनच मार्चमध्ये हा ठोकळा निवांत दिसतो. आता जुलैच्या एका रात्री ती भेग काठोकाठ भरली असे धरा. भेगेतील पाणी ठोकळ्याला साडेचार टनांनी पुढे ढकलते, आणि सांध्यात शिरलेले पाणी त्याला खालून १२ टनांनी उचलून धरते. पुढे ढकलणारा जोर फारसा नाही. खरा घात उचलण्याने होतो, कारण घर्षण वजनाच्या दाबावर जगते. गुणांक ०.८७ वर येतो, म्हणजे ठोकळा खाली आला.

याच ठोकळ्यातून निचऱ्याची छिद्रे पाडून भेगेतील पाण्याची उंची एक मीटरवर ठेवता आली, तर गुणांक १.२२ राहतो. तेथून तो १.५ पर्यंत नेण्यासाठी सांध्याला काटकोनात दर मीटरमागे सुमारे ११ टनांचा ताण लागतो. २५ मिलिमीटर व्यासाची ग्राउट केलेली (छिद्रात सिमेंटचा पातळ गारा भरून बसवलेली) सळई १५ टनांवर वापरली, तर साधारण दर १.४ मीटरला एक. पाण्याचा निचरा न करता केवळ बोल्टच्या जोरावर तोच १.५ गाठायचा ठरवले, तर दर मीटरमागे २७ टन लागतात. म्हणजे पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अडीचपट पोलाद ही आहे. (येथे चिकटपणा शून्य धरला आहे आणि सांधा सरळ मानला आहे, प्रत्यक्ष सांधा खडबडीत असतो आणि तो थोडी मदत करतो, पण त्या मदतीवर माणसे झोपवायची नसतात.)

उंबराचे_झाड | १२ मार्च, दुपारी १२:३०

वरच्या कडेला पिंपळ आणि उंबर उगवले आहेत असे गृहीत धरते, कारण प्रत्येक खाणीच्या कड्यावर ते असतातच. ते तोडावेत का? मुळे दगड धरून ठेवतात असे आम्ही शाळेत शिकलो.

कातळरेघ | १२ मार्च, रात्री ८:१०

ताई, शाळेतले ते वाक्य मातीच्या उताराविषयी आहे. मातीत मुळांचे जाळे खरोखर धरून ठेवते. कातळात मात्र पिंपळाचे मूळ सांध्यात पाचर मारल्यासारखे काम करते आणि पाण्याला वाट करून देते. झुडपे आणि गवत राहू द्यावे. मोठ्या झाडाला हात लावण्यापूर्वी १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मिळाली तरी मूळ उपटू नका; ठोकळा त्या मुळावरच तोललेला असू शकतो. बुंधा कापून मूळ जागेवर ठेवावे आणि तो ठोकळा आधी बोल्टने बांधावा.

चांदिवलीकर | २ एप्रिल, रात्री ११:००

सर्वांचे आभार. आम्ही अखेर एका भूवैज्ञानिकाकडून दोन दिवसांची पाहणी करून घेतली. त्यांनी दोरावरून उतरून होकायंत्र आणि नतिमापक (उताराचा कोन मोजणारे साधन) यांनी १४० सांधे मोजले. तांबडा पट्टा आहे. पायथ्यापासून साधारण माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, ४० सेंटिमीटर जाडीचा, आणि दक्षिणेकडील भागात तो हातभर आत गेला आहे. पिंपळही आहे.

अहवालात एक कोष्टक आहे, ते मला नीट समजले नाही. कड्याचे त्यांनी दोन भाग केले आहेत. दोन्हींत दगड तोच आहे आणि मूळ गुण दोन्हींना ६० आहेत. तरीही दक्षिणेकडील भागाला शेवटी १६ आणि उत्तरेकडील भागाला ४६ गुण दिले आहेत. एकाच कड्याला एवढा फरक कसा?

कातळरेघ | ३ एप्रिल, सकाळी ७:२०

हा अहवाल चांगल्या माणसाने केलेला आहे. या पद्धतीला स्लोप मास रेटिंग म्हणतात. ती रोमाना यांनी १९८५ मध्ये मांडली आणि आपल्याकडे भारतीय मानक १३३६५ च्या तिसऱ्या भागात ती दिलेली आहे. मूळ ६० गुण बिएनियाव्स्की यांच्या रॉक मास रेटिंगचे आहेत, म्हणजे दगडाची ताकद, सांध्यांतील अंतर, त्यांची अवस्था आणि पाणी यांचे. त्यांतून दिशेचे गुण वजा होतात.

आपल्या दक्षिण भागात घातक सांधा ३२ अंशांनी उतरतो आणि त्याची दिशा कड्याच्या तोंडाच्या दिशेशी ८ अंशांच्या आत जुळते. समांतरतेचा गुणक ०.८५, सांध्याच्या उतरणीचा ०.७० आणि कडा सांध्यापेक्षा खूप उभा असल्याने उणे ६०. तिघांचा गुणाकार सुमारे उणे ३६ येतो. त्याशिवाय उणे ८ हे वाईट सुरुंगकामाचे. खाणीत दगड फोडणे हाच उद्देश असतो. मागे राहणाऱ्या भिंतीची काळजी कोणी घेत नाही. रस्त्याच्या कापणीत आधी कडेने जवळजवळ छिद्रे घेऊन, हलकी दारू भरून पूर्वफट पाडली असती तर उलट १० गुण मिळाले असते. ६० मधून ३६ आणि ८ गेले, १६ उरले. २० च्या खालचा वर्ग सर्वांत वाईट.

उत्तरेकडे खाण थोडी वळलेली असणार. तेथे सांधा तोच आहे, परंतु कड्याच्या तोंडाशी त्याचा कोन ३० अंशांहून अधिक आहे, म्हणून समांतरतेचा गुणक ०.१५ वर येतो आणि दिशेपोटी फक्त ६ गुण जातात. खाण खोदणाऱ्याने वळण कोठे घेतले, यावर आज तुमच्या गाड्यांचे भवितव्य ठरले आहे.

एक सावधानता. ही गुणपद्धत चाळणी आहे. कोणत्या भागाकडे आधी पाहायचे हे ती सांगते. बोल्टची संख्या तिच्यावरून काढू नये. दक्षिण भागाचा हिशेब ठोकळानिहाय करून घ्या. प्रतल (एका सांध्यावरून) आणि पाचर (दोन सांध्यांच्या मधून) घसरणीसाठी बोल्टने मजबुतीकरण करण्याचे स्वतंत्र भारतीय मानक १४४४८ आहे, सल्लागाराला त्यानुसार आकडे मागा.

घाटलाइन | ३ एप्रिल, दुपारी ४:४५

कामाचा क्रम दरपत्रकात लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार सोयीचे आधी करतो. प्रथम वरच्या कडेला, कड्यापासून मागे, पाणी बाजूला नेणारे पक्के गटार. वरचा भूखंड दुसऱ्याचा असल्यास ही परवानगीच सर्वांत उशिरा मिळते, म्हणून अर्ज आजच करा. मग वरून खाली सुटे दगड पाडणे, त्यानंतर निचऱ्याची छिद्रे, बोल्ट, तांबडा पट्टा झिजून झालेल्या पोकळीत काँक्रीटचा टेकू, आणि शॉटक्रीट सर्वांत शेवटी, तेही पट्ट्यापुरते. निचऱ्याची छिद्रे आत जाताना ५ अंशांनी वर चढती असावीत, आणि बोल्टची छिद्रे उलट किंचित खाली उतरती, म्हणजे ग्राउट बाहेर वाहत नाही. काही बोल्ट निवडून ओढून पाहण्याची चाचणी तुमच्या समोर करून घ्या. मी एका कामावर दहा बोल्टची चाचणी घेतली, तेव्हा दोन बोल्ट हाताने फिरत होते. ग्राउट फक्त तोंडाशी भरलेला होता.

नोझलधारी | ३ एप्रिल, रात्री १०:३०

शॉटक्रीट शेवटी आणि पट्ट्यापुरते, यात माझा धंदा कमी होतो, पण क्रम बरोबर आहे. पट्ट्यावर मारण्यापूर्वी सैल माती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका, हवेने झाडा. पाण्याने तो पट्टा फुगतो आणि थर धरत नाही. शेजारच्या पुनर्विकासात ब्रेकर चालू असेल तर त्या दिवशी काम बंद ठेवा.

चांदिवलीकर | ३० जून, रात्री ९:५०

सभेत ठराव संमत झाला. दक्षिण भागातील ३० मीटर लांबीचे काम पाऊस येण्यापूर्वी पूर्ण झाले: २२ बोल्ट, ६ मीटर खोलीची ९ निचरा छिद्रे, टेकू आणि पट्ट्यावर शॉटक्रीट. उत्तरेकडे फक्त सुटे दगड काढून जाळी सोडली. पायथ्यापासून चार मीटरपर्यंतचे पार्किंग कायमचे बंद केले. या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडण झाले. पिंपळाच्या बुंध्याशेजारील भेगेवर सिमेंटच्या दोन ठिपक्यांत काचेची पट्टी बसवली आहे; भेग हलली तर ती तडकेल. ती अजून अखंड आहे.

परवाच्या जोरदार पावसानंतर ९ पैकी ६ छिद्रांतून पाणी आले. पाच नंबरच्या छिद्रातून मात्र तांबडे, गढूळ पाणी येत आहे. हे चांगले की वाईट?

कातळरेघ | ३० जून, रात्री ११:१५

स्वच्छ पाणी आले तर निचरा चालू आहे. गढूळ आले तर पाण्याबरोबर सांध्यातील किंवा पट्ट्यातील माती निघून येत आहे, आणि ती सतत येत राहिली तर आत पोकळी होते. एका स्वच्छ बाटलीत ते पाणी रोज ठरावीक वेळी भरा, रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाला बसलेल्या गाळाची उंची बाटलीवर रेघ मारून ठेवा. पहिले तीन-चार दिवस छिद्र पाडतानाची भुकटी येते, ते चालते. ज्या तीन छिद्रांतून काहीच आले नाही, ती कोरडी आहेत की बुजली आहेत, हे काठी घालून पाहा.

चांदिवलीकर | ७ जुलै, सकाळी ८:०५

पहिल्या दिवशी गाळ दोन बोटे होता, चौथ्या दिवशी एक बोट, आणि काल पुन्हा दोन बोटे. कोरड्या छिद्रांपैकी दोन खरोखर कोरडी आहेत. तिसऱ्यात दीड मीटरवर काठी अडते.

कातळरेघ | ७ जुलै, सकाळी ८:४०

मग थांबू नका. पाच नंबरमधील पाइप बाहेर काढून त्याच्या छिद्रांच्या भागावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) गुंडाळून पुन्हा बसवायला सांगा, आणि अडलेले छिद्र पाण्याच्या नव्हे, हवेच्या दाबाने साफ करून घ्या. पाऊस उघडलेल्या दिवशी, वर एक माणूस पहाऱ्याला ठेवूनच कामगारांना कड्याखाली जाऊ द्या. बाटल्या भरणे सप्टेंबरपर्यंत चालू ठेवा.